जामीन कोण राहणार?

पतपेढीतून कर्ज काढायचं तर अर्जावर जामीनदारांच्या सह्या लागतात. अशी सही ज्याने कधी केली आहे त्याला ठाऊक असतं, की त्या जागी हात जरा अडखळतो. मित्राने हप्ते थकवले तर वसुली आपल्याकडून होणार, प्रसंगी आपल्या पगारातून होणार. म्हणून सही करण्याआधी माणूस विचारतो: कर्ज कशाला हवंय, हातात पगार किती येतो, आधीचं काही थकलंय का? जुनी मैत्री असली तरी विचारतो आणि समोरच्यालाही त्यात अपमान वाटत नाही.

हाच माणूस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र बिनधास्त लिहून टाकतो, "आपल्या ओळखीतला प्रोजेक्ट आहे. प्री-लाँच रेट मिळतोय. दहा जणांनी दोन-दोन लाख काढायचे, बुकिंग करायचं, दीड वर्षात विकून नफा वाटून घ्यायचा. बिल्डर घरचाच आहे." खाली लगेच अंगठे उमटतात. कुणी लिहितं, "मलाही धरा." भाईंदर पश्चिमेला, स्टेशन रोडपासून दीडशे फुटी रस्त्यापर्यंत, कुठल्याही सोसायटीत असा मेसेज कुणाला नवा वाटणार नाही.

या मोहाला नावं ठेवण्याची माझी तयारी नाही. इथल्या माणसाला जमिनीवर विश्वास का बसला, ते समजण्यासारखं आहे. मिठागरं आणि भातशेतीच्या या गावात १९८५ साली नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली. मधल्या काळात गिरगाव-परळमधल्या दहा बाय दहाच्या खोलीतून कंटाळून आलेल्यांनी इथे वन रूम किचन घेतलं. पाण्याचे हाल काढले, लोकलला लोंबकळत चर्चगेट गाठलं. आयुष्यभराच्या नोकरीने जेवढं दिलं नाही तेवढं त्यांना त्या साडेतीनशे-चारशे फुटांनी दिलं. पुढच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला आज आख्खं घर परवडत नाही, म्हणून ती घराचा दहावा हिस्सा शोधते. यात हाव असेल तर ती फार थोडी आहे. जास्त आहे ती मागे पडण्याची भीती.

आणि लहान रकमेने मोठ्या इमारतीत भागीदार होण्याचा सरळ रस्ता आज खरोखरच आहे. सेबीने २०१४ साली रीटचे नियम केले. अनेकांकडून पैसा गोळा करायचा, त्यातून मुख्यतः भाडं देणाऱ्या तयार इमारती धरायच्या आणि वाटण्याजोग्या उत्पन्नातला किमान ९० टक्के भाग गुंतवणूकदारांना द्यायचा, अशी ती रचना. २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट बाजारात आला, २०२० मध्ये माइंडस्पेस. २०२१ पासून रीटचं एकच युनिटही घेता येतं. ते काही शे रुपयांत मिळतं. मालाडच्या पॅरडाइम माइंडस्पेसमध्ये नोकरीला जाणारी भाईंदरची मुलगी आज त्याच इमारतीची कणभर मालकीण होऊ शकते. भाव खाली-वर होतो, मजले रिकामे पडले तर उत्पन्न घटतं. पण इमारत कुठे आहे, भाडेकरू कोण, कर्ज किती, हे सगळं छापील स्वरूपात तिच्यासमोर असतं.

रीटच्या या चौकटीबाहेर एक मोकळं मैदान होतं. 'अंशतः मालकी' विकणाऱ्या कंपन्या दहा-वीस लाख घेऊन एखाद्या ऑफिसचा तुकडा देत होत्या आणि त्यांच्यावर नेमकी कुणाची देखरेख, हे धड ठरलेलं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये सेबीने त्यांच्यासाठी लघु आणि मध्यम रीटची चौकट आखली. मालमत्ता ५० कोटींपासून ५०० कोटींपर्यंत, गुंतवणूकदार किमान २०० आणि प्रत्येकाचे किमान १० लाख. पैसा ९५ टक्के तरी तयार, भाड्याने दिलेल्या मालमत्तेतच घालायचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रॉपशेअर प्लॅटिना ही अशी पहिली योजना बाजारात आली. रक्कम सुमारे ३५३ कोटी, मालमत्ता बंगळुरूतली ऑफिसं.

या नियमांतली एक अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. योजना चालवणाऱ्या व्यवस्थापकाला स्वतःचे किमान ५ टक्के पैसे त्याच योजनेत ठेवावे लागतात. योजनेवर कर्ज काढलं असेल तर १५ टक्के. लोकांना ये म्हणणाऱ्याने आधी स्वतः आत उभं राहायचं. पतपेढीच्या जामीनदारामागे जो विचार आहे तोच इथे शेअर बाजाराच्या भाषेत उतरला आहे.

पण दहा लाख एकगठ्ठा कुणाकडे असतात? आणि काही शे रुपयांच्या युनिटमध्ये 'आपली जागा' असल्याचं समाधान कुठे मिळतं? म्हणून मधला माणूस, ज्याच्याकडे दोन लाख आहेत आणि ओळखीचा बिल्डर आहे, तो पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपकडे वळतो. तिथे कुठलीच चौकट नाही. खरं म्हणजे आहे, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. रेरा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे ज्या 'प्री-लाँच'चा एवढा गाजावाजा होतो, तो बहुतेक वेळा बेकायदाच असतो. दहा जणांचे पैसे आणि कागदावर नाव एकाचंच, असा व्यवहार झाला तर तो बेनामी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. उरलेल्या नऊ जणांकडे मग काय राहतं? एका वहीतलं पान आणि एक ओळख.

या ओळखीपाशीच मला आज थांबायचं आहे.

भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, मग वसई. वसई-विरारमधून कारभार चालवणाऱ्या मैत्रेय समूहाने प्लॉटच्या नावाने महाराष्ट्रभर लोकांकडून हप्त्याहप्त्याने पैसे गोळा केले. परतफेड थांबली, २०१६ मध्ये नाशिकला गुन्हा दाखल झाला, मग ठिकठिकाणी झाले. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लागला, मालमत्ता जप्त झाल्या आणि ठेवीदार वर्षानुवर्षं तारखा मोजत राहिले. देशपातळीवर पीएसीएलचं प्रकरण याहून कितीतरी मोठं. शेतजमीन घेऊन विकसित करून देतो, असं सांगत कंपनीने सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये जमवले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ते परत करण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली गेली. परताव्याची सुरुवात अगदी लहान रकमांच्या दाव्यांपासून झाली.

एवढी माणसं आली कुठून? बहुतेकांनी कंपनीचं कार्यालय पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पाहिला होता तो एजंट. कुणाचा मेहुणा, कुणाची भजनी मंडळातली मैत्रीण, कुणाच्या मुलाचे शिकवणीचे सर. त्यांतल्या अनेकांनी स्वतःचेही पैसे घातले होते, त्यामुळे त्यांना सरसकट लुटारू म्हणणं अन्यायाचं होईल. ते स्वतःही बुडाले. पण ज्यांना त्यांनी ओढलं, त्या लोकांनी पैसे कंपनीला दिले नव्हते, ताईला दिले होते, सरांना दिले होते. पैसे गेल्यावर दारात येऊन बसायला त्यांच्याजवळ तोच एक पत्ता होता.

याबाबत कायदा गप्प नाही. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात एक स्वतंत्र कलम आहे: जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून दुसऱ्याला अशा योजनेत सामील व्हायला प्रवृत्त करणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत, शिवाय दहा लाखांपर्यंत दंड. बिल्डरकडे पैसे लावणारी प्रत्येक टोळी या कायद्यात बसेल असं नाही. तरी त्या 'जाणूनबुजून'चा विचार आपण केला पाहिजे. न्यायालयात उभा राहिलेला शेजारी सांगेल, मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते खरंही असेल. कायद्याला त्याला सोडावं लागेल. पण ज्या बाईने त्याच्या भरवशावर पेन्शनचे दोन लाख दिले, तिचा प्रश्न वेगळा आहे. ती विचारेल, "भाऊ, तुम्हाला माहीत नव्हतं, मग तुम्ही मला सांगितलंत कशाच्या जोरावर?" न कळता सांगणं आणि खोटं सांगणं यांत न्यायालय फरक करतं, तो करायलाच हवा. ज्याने शब्द टाकला त्याने स्वतःला सोडून देताना मात्र एवढं उदार होऊ नये, असं मी मानतो. माहिती करून घेणं हाती असताना ती करून घेतली नाही, हा माझ्या लेखी दोष आहे, आणि कमिशन घेतलं असेल तर गंभीर दोष आहे.

कागद तपासायची किंमत भाईंदरकराला इतरांनी शिकवावी, असं नाहीच. १८७० साली ब्रिटिश सरकारने मीरा, भाईंदर आणि घोडबंदर या गावांतल्या जमिनी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिल्या. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि त्या बदल्यात उत्पन्नातला वाटा घ्यायचा, असा तो मामला. पुढे ते हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले. भातशेती संपली, तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी सातबाऱ्यावर कंपनीचं नाव राहिलं. बांधकामासाठी कंपनीचा ना हरकत दाखला लागायचा, त्याचे पैसे मोजावे लागायचे. यावरून आंदोलनं झाली, दावे झाले. घराचे हप्ते फेडून झालेल्या माणसाला, आपण राहतो ती जमीन कुणाच्या नावावर आहे, हे नंतर समजावं, असा अनुभव या शहराने घेतला आहे. ज्या गावाने हे सोसलं त्या गावात एखाद्याने सातबारा न पाहता, रेरा नोंदणी क्रमांक न विचारता दहा शेजाऱ्यांना जमिनीच्या व्यवहारात बोलवावं, हे मला समजत नाही.

अनेकांनी थोडे-थोडे पैसे घालून इमारत उभी करायची, ही कल्पना मुंबईला शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात फार चांगली झाली होती. १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातल्या अगदी आरंभीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी तिच्यामागे कष्ट घेतले. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचं नाव सांगते. त्या रचनेत पैसे घालणारे आणि राहणारे तेच लोक होते. शेजाऱ्याला "तूही सभासद हो" म्हणणारा पुढची तीस वर्षं त्याच जिन्यावर त्याला भेटणार होता. हिशोब सर्वसाधारण सभेत मांडला जाणार होता आणि तो कुणीही मागू शकत होता. आजच्या दहा जणांच्या टोळीने वर्षातून एक दिवस तरी अशी सभा घेतली आहे का?

इतकी चौकशी करायची तर कुणी कुणाला चांगली संधी सांगणारच नाही, असा आक्षेप येईल. आपल्या माणसांच्या भल्यासाठीच आपण सांगतो, त्यात एवढा संशय कशाला? यातला पहिला भाग खरा आहे. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून कितीजणांची घरं झाली, कितीजणांना नोकऱ्या लागल्या. ओळखीवरचा विश्वास गेला तर या शहरात जगणं कठीण होईल, कारण इथे आलेल्या बहुतेकांना पहिला आधार ओळखीचाच मिळाला होता. म्हणूनच तो स्वस्तात उधळू नये, असं कळकळीने वाटतं. जामीनदाराची चौकशी मैत्री तोडत नाही, उलट मैत्री टिकावी म्हणून ती केली जाते. गुंतवणुकीचा शब्द टाकणाऱ्यालाही तेवढी चौकशी सोसता आली पाहिजे.

तेव्हा ग्रुपवर असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला सगळ्यांसमोर आणि आदरानेच विचारा: यात तुमचे स्वतःचे किती आहेत, आम्हाला आणल्याबद्दल तुम्हाला काय मिळणार, आणि महारेराच्या संकेतस्थळावर या प्रकल्पाचा क्रमांक तुम्ही स्वतः पाहिलात का? उत्तरं कागदावर, सहीनिशी मागा. सही द्यायला तो कचरला तर पैसे देऊ नका. आणि मेसेज पाठवणारे तुम्हीच असाल, तर कुणी विचारण्याची वाट पाहू नका. ही उत्तरं मेसेजच्या पहिल्याच ओळीत लिहा, आणि लिहिता येत नसतील तर तो मेसेज पाठवूच नका.