दुसऱ्या मंगळवारचा मुहूर्त

पंचांगातला मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे, अहोरात्राचा तिसावा भाग. त्या ४८ मिनिटांत मुळात काही शुभ असते का, यावर श्रद्धाळू आणि बुद्धिवादी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. जिथे ग्रहांचा संबंधच नाही, अशा ठिकाणी हा वाद तपासून पाहिला तर? ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. त्याआधी त्या जमेल तशा येत. मंगळवारच का? सोमवार सुट्टीत साचलेली कामे उपसण्यात जातो, आणि शुक्रवारी काही बिघडले तर निस्तरायला माणसे जाग्यावर नसतात. त्या प्रसिद्ध होतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे हिंजवडीतल्या सिस्टिम अ‍ॅडमिनचा मुहूर्त खरा बुधवारी सकाळचा. मंगळवारात स्वतःचे असे पुण्य काही नाही. पुण्य आहे ते तो आधीपासून ठाऊक असण्यात. काळ शुभ ठरतो तो ज्यांच्यावर बदल येऊन आदळणार त्यांना तयारीला अवधी मिळतो म्हणून, असे माझे म्हणणे आहे.

यावर आक्षेप सरळ आहे: शुभस्य शीघ्रम्. भोक सापडले, ठिगळ तयार आहे, तर मंगळवारची वाट पाहत ते दाबून ठेवणे हे पापच. शिवाय ठिगळ प्रसिद्ध झाले की त्यावरून मूळ भोक कुठे होते हे हल्लेखोरांनाही कळते. या धंद्यात दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारला ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’ असे नावच पडले आहे. आक्षेप खोटा नाही, पण दुरुस्ती दिली की काम संपले असे तो धरून चालतो. बँकेच्या सर्व्हरवर ती चढवायची तर आधी बॅकअप, मग चाचणीच्या मशीनवर प्रयोग, मग रात्री रीस्टार्ट, आणि सकाळी काउंटर उघडण्यापूर्वी सगळे सुरळीत. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक-विषाणूने १२ मे २०१७ रोजी ब्रिटनच्या अनेक सरकारी रुग्णालयांची संगणकव्यवस्था ठप्प केली, तेव्हा त्याच्यावरचा उतारा १४ मार्चपासून उपलब्ध होता. अडले ते घेणाऱ्याच्या दारात. मुहूर्त काढला म्हणून लग्न लागत नाही, हे मान्य; पण तारीखच ठाऊक नसेल तर मांडव कोण घालणार? खरोखरच घर पेटले असेल तेव्हा कंपनी मंगळवारची वाट न पाहताही दुरुस्ती देते. धर्मशास्त्रानेही आपद्धर्म मानलाच आहे, आणि नियम असतो म्हणूनच अपवाद ओळखू येतो.

उलट उदाहरणही आहे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक फाइल जगभर एकदम पाठवली. ७८ मिनिटांत, पंचांगाच्या भाषेत पावणेदोन मुहूर्तांच्या आत, ती मागे घेतली गेली. तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते, आणि त्यांतले कितीतरी एकेक करून हातानेच सोडवावे लागले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ज्या ग्राहकांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याचा पर्याय निवडला होता, त्यांनाही ही फाइल सुटली नाही, कारण तो पर्याय अशा फायलींना लागूच नव्हता. म्हणजे चूक फाइलमध्ये होती हे खरे, पण घेणाऱ्याला ‘थांब’ म्हणायची सोय नव्हती हे मला अधिक गंभीर वाटते. पुढे कंपनीने या फायली टप्प्याटप्प्याने द्यायला आणि ग्राहकाला त्यावर ताबा द्यायला सुरुवात केली. थोडक्यात, मुहूर्त पाहायला ती शिकली.

माझ्या युक्तिवादातली दुबळी जागा वेगळीच आहे. तारीख आधी सांगितली की ती न्याय्य ठरतेच असे नाही. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपेल, हे मायक्रोसॉफ्टने खूप आधी सांगितले होते. त्यानंतरच्या दुरुस्त्या जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकांनाच मिळत. वॉनाक्रायचा उतारा एक्सपीच्या सगळ्या ग्राहकांना मिळाला तो रुग्णालये बंद पडल्यावर. पूर्वसूचना देणे हे कर्तव्य आहे, पण ऐपत नसलेल्याला उघड्यावर सोडण्याचा तो परवाना नव्हे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तोही महिन्याचा दुसरा मंगळवारच होता.