वरिष्ठाची क्षमा कोणाच्या पदरची?

ज्याच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्याने त्यांच्या चुकांना क्षमा करावी की शासन करावे, हा प्रश्न फार जुना आहे. सामान्यतः मृदू स्वभावाचा मनुष्य क्षमेकडे झुकतो व कठोर स्वभावाचा शासनाकडे. आणि लोक पहिल्याला चांगला व दुसऱ्याला वाईट म्हणून मोकळे होतात. परंतु सरकारी सेवायोजन कार्यालयासारख्या ठिकाणी हा निवाडा पुरा पडत नाही. तेथे क्षमा करणारा एक असतो, ती मिळवणारा दुसरा असतो आणि तिचे मोल देणारा तिसराच असतो. तो तिसरा त्या वेळी त्या खोलीत नसतो.

दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना व युद्धकार्यातील कामगारांना नागरी जीवनात काम मिळावे म्हणून १९४५ साली ही यंत्रणा भारतात उभी राहिली. फाळणीनंतर ती निर्वासितांच्या उपयोगी पडली, १९४८ पासून सर्वच बेकारांना खुली झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. पुढे १९५९ चा कायदा १ मे १९६० पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच दिवसापासून, अंमलात आला. त्याने सरकारी आस्थापनांवर आणि पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन घातले. जागा कळवण्याचे, कार्यालयाने धाडलेला मनुष्य नेमण्याचे नव्हे. तेव्हा नोकरी देण्याची सत्ता या कार्यालयाच्या हाती कधीच नव्हती. त्याच्या हाती एकच वस्तू होती, ती म्हणजे पाळी. ज्याचे नाव आधी नोंदले गेले, जो पात्र आहे, त्याचे नाव आधी जावे, एवढ्या विश्वासावर लक्षावधी तरुण त्या खिडकीशी उभे राहिले.

आता एक प्रसंग कल्पावा. नोंदणी कार्डांवर होत असे आणि कार्डे लाकडी खणांत राहत, त्या काळातील एखादे जिल्हा कार्यालय. वीस वर्षे निष्ठेने काम केलेला एक लिपिक आहे. घरी आई अंथरुणाला खिळलेली, रात्री जागरण. त्यात शालान्त परीक्षेचे निकाल लागून खिडकीवर रांग लागलेली. या धांदलीत नूतनीकरणाची काही कार्डे त्याच्याकडून तशीच राहून गेली. त्यांत एका मुलीचे कार्ड होते. ती मुदतीत आली होती, तिच्या हातच्या पत्रावर शिक्का पडला. पण कार्यालयातील कार्डावर नोंद झाली नाही. मुदत संपलेले कार्ड म्हणून ते खणातून निघाले. काही महिन्यांनी एका खात्याकडून जागा आली, नावे धाडली गेली आणि तिचे नाव त्यांत नव्हते. तिला यातले काहीच ठाऊक नाही. आपली पाळी अजून यायची आहे, असे समजून ती घरी वाट पाहत आहे.

सेवायोजन अधिकाऱ्याच्या तपासणीत हे उघडकीस येते. लिपिक समोर उभा राहून डोळ्यांत पाणी आणतो. कोणत्या सहृदय माणसाचे मन येथे द्रवणार नाही? "होते असे कधी कधी, पुन्हा होऊ देऊ नका," असे म्हणून कार्ड गुपचूप परत खणात घालावे, कोणाला कळणारही नाही. सेवक ऋणी राहील, कार्यालयात साहेबांचे नाव निघेल.

परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. अपराध कोणाचा झाला? अधिकाऱ्याचा झाला असता, लिपिकाने त्याला उलट उत्तर दिले असते, तर क्षमा करण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता आणि ती क्षमा त्याला शोभलीही असती. अपराध झाला आहे त्या मुलीचा. तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला कोणी दिला? सावकाराच्या मुनिमाने ऋणकोची दैना पाहून मालकाचे कर्ज सोडून द्यावे व आपण दानशूर म्हणवून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. दया समोरच्याला मिळाली आणि दाम पाठीमागच्याच्या खात्यावर पडला.

समोर दिसणाऱ्याविषयी मन हळवे होणे हा मनुष्याचा धर्मच आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला जी कृपा दाटून आली, ती आजोबा, गुरू, मामा, भाऊ असे आपले लोक डोळ्यांपुढे उभे राहिले म्हणून आली. ज्यांच्यासाठी तो रथावर चढला होता, ती प्रजा त्या क्षणी त्याच्या दृष्टीआड होती. म्हणून गीतेत त्या कृपेचे कौतुक झाले नाही. कार्यालयातही लिपिक रोज दिसतो, त्याच्या आईचे दुखणे कानावर येते, त्याच्या मुलाच्या मुंजीत जेवायला जाणे होते. खणातले कार्ड मात्र बोलत नाही. समत्व हा शब्द उच्चारायला सोपा आहे. न दिसणाऱ्याला दिसणाऱ्याइतकेच वजन देणे, असा त्याचा अर्थ घेतला की तो फार जड होतो.

मग लिपिकाला फाडून खावे काय? तसेही नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतील केवळ एक. ज्या कार्यालयात निकालाच्या महिन्यात नूतनीकरण व नवी नोंदणी एकाच मेजावर चालते, जेथे दुसऱ्या हाताने पडताळा होत नाही, तेथे चूक त्या लिपिकाच्या हातून झाली तरी तिची व्यवस्था आधीच लागलेली होती. आणि ती मेजे कोणी मांडली होती? चारचौघांत लिपिकावर ओरडणारा अधिकारी हे विसरतो. आत अपमान झालेला मनुष्य तोच अपमान खिडकीवर वाटतो, हेही तो विसरतो. उमेदवाराच्या बाजूने म्हणून केलेला संताप शेवटी उमेदवाराच्याच माथी येतो.

तेव्हा क्षमा करायची असेल तर ती पदरमोड करून करावी. प्रथम त्या मुलीची ज्येष्ठता मूळ तारखेपासून लेखी आदेशाने पूर्ववत करावी. मग तिच्याबरोबर राहिलेली दुसरी कार्डे शोधावीत. एकच सापडले म्हणून एकच होते असे मानू नये. टिपणीत लिपिकाच्या हातून चूक झाल्याचे लिहावे, आणि त्याच टिपणीत पडताळ्याची व्यवस्था न ठेवल्याचा दोष अधिकाऱ्याने आपल्या नावावर घ्यावा. एवढे झाल्यावर लिपिकाला रजा द्यावी, त्याचे मेज हलके करावे, वाटल्यास त्याच्यासाठी वरिष्ठांकडे रदबदली करावी. ही दया खरी, कारण तिचा खर्च करणाऱ्याच्या अंगावर येतो. बहुतेक ठिकाणी ती होत नाही याचेही कारण हेच.

वार्षिक गोपनीय अहवालातही हीच परीक्षा असते. सर्वांना 'चांगला' असा शेरा देणारा अधिकारी प्रेमळ समजला जातो. पण ज्याने खरोखर चांगले काम केले, त्याचे 'चांगला' त्यामुळे कवडीमोल होते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधित सेवकाला कळवलाच पाहिजे असे ठरवले. पूर्वी पाठीमागे कठोर लिहून तोंडावर गोड बोलता येत असे. ती सोय त्यामुळे गेली. जे लिहायचे ते समोर बसवून सांगण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने ते लिहूच नये.

आता खण गेले, नोंदणी संगणकावर होते, २०१५ पासून नॅशनल करिअर सर्व्हिस नावाचे देशव्यापी संकेतस्थळही आहे. परंतु व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक एका अंकाने चुकला, तर सुताराचे नाव लोहाराच्या यादीत जाते आणि सुतार वाट पाहत राहतो.

त्या मुलीला पत्र धाडणे मात्र उरले आहे. ज्येष्ठता परत मिळाली, पण ती जागा भरली गेली; ती परत आणता येत नाही. पत्रात हे स्पष्ट लिहावे लागेल. ते वाचून ती येईल, बहुधा वडिलांना घेऊन येईल, आणि त्यांचे शब्द सौम्य नसतील. त्या वेळी अधिकाऱ्याने खिडकीवर लिपिकाला बसवून आपण आतल्या खोलीत फायली चाळत राहू नये. त्यांना आत बोलवावे, बसायला खुर्ची द्यावी आणि त्यांचे बोलणे पुरते होईपर्यंत मध्ये बोलू नये.