फिर्याद कोणी करावी?

१८८१ सालीं सुरतेच्या एका तरुण विधवेस आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रकर्त्यांना साऱ्या स्त्रीजातीचा धिक्कार करण्यास निमित्त मिळालें. त्याला सडेतोड उत्तर दिलें तें वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं. त्यांचें ‘स्त्री-पुरुष तुलना’ हें पुस्तक १८८२ सालीं निघालें. दोघांच्या दोषाचा दंड एकटीनेंच कां भोगावा, हा त्यांचा सवाल होता.

त्या खटल्यांत निदान एक प्रेत होतें, एक आरोपी होती, फिर्याद चालविणारें सरकार होतें. त्याच बुलढाणा जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागें मुली २००१ च्या शिरगणतींत ९०८ होत्या. २०११ मध्यें ८५५ भरल्या. निसर्गावर सोडलें असतें तर हा आकडा साडेनऊशेंच्या आसपास राहिला असता. या तुटींतल्या किती जणींना जन्मापूर्वींच अडविलें आणि किती जणी पाळण्यांतून हेळसांडीनें गेल्या, हें एवढ्यावरून निराळें काढतां येत नाहीं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालींच कायदा केला. पुढें १९९४ चा मध्यवर्ती कायदा आला. गर्भवतीवर नवऱ्याचा वा नातलगांचा दाब होता असेंच, उलट सिद्ध होईपर्यंत, तो गृहीत धरतो. ताराबाईंच्या सवालास सरकारनें एवढें तरी उत्तर एकशें बारा वर्षांनीं दिलें!

परंतु कायदा चालावयास फिर्यादी लागतो, आणि येथें तो कोठून आणावा? एखाद्या घरांत जाऊन विचारावें तर उत्तर मोठें समंजसपणाचें मिळतें. पहिली मुलगी आहेच. दोनच अपत्यें पुरेत. शेत थोडें, हुंडा फार. एकेका घराचा हिशेब तपासला तर गुन्हेगार सांपडत नाहीं, आणि बेरीज मात्र गुन्ह्याची येते.

मग अन्याय झाला तो कोणावर? मुली अशाच घटत गेल्या तर तुमच्या मुलग्यांना बायका कोठून मिळणार, असें आम्ही स्वतः व्यासपीठावरून अनेकदां बजावलें आहे. एका व्याख्यानानंतर एक विद्यार्थिनी जवळ आली व म्हणाली, “सर, बायका पुरेशा मिळत असत्या, तर मग हें चाललें असतें का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या तराजूंत बापानें मुलगी तोलली, त्याच तराजूंत आम्हीहि तिला तोलीत होतों. फक्त पारडें बदललें होतें. जिजाऊंचें सिंदखेडराजा याच जिल्ह्यांतलें. दर १२ जानेवारीस तेथें लोटणाऱ्या गर्दींत आम्हीहि गेलों आहों. तेथेंहि गौरव बहुधा पुत्राच्या मातेचाच ऐकला.

फिर्यादी नाहीं असें वर म्हटलें, तें पुरतें खरें नव्हे. ती त्याच घरांत वाढत असते. आई इस्पितळांतून रिकाम्या हातांनीं कां परतली, हें तिला कोणी सांगत नाहीं. पण कधींतरी कळतें. धाकटीला नाकारण्यासाठीं जें कारण दिलें गेलें, तें कारण म्हणजे ती स्वतःच होय. पहिली मुलगी आहेच.

आमच्या दुसऱ्या कन्येच्या जन्माच्या वेळीं आप्तेष्ट आले, “असूं द्या, लक्ष्मी आली,” म्हणून हळू आवाजांत आमचें सांत्वन करून गेले, आणि आम्ही तें मान हालवून स्वीकारलें. थोरली तेव्हां सात वर्षांची होती. ती दाराशींच उभी होती.