अंत्युखियात परतल्यावर

शांत बसा. जवळ बायबल असेल तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 14वा अध्याय उघडा आणि 21व्या वचनापासून शेवटपर्यंत सावकाश वाचा.

तुम्ही परदेशातली सेवा करून परत आला आहात. बॅगा रिकाम्या झाल्या, पण मोबाइलवर अजून दोन घड्याळं ठेवली आहेत, एक इथलं आणि एक तिथलं. आत्ता तिथे प्रार्थनेला माणसं जमत असतील, हे घड्याळ न पाहताही तुम्हाला कळतं. ते मन आवरून यायची गरज नाही. तसंच प्रभूसमोर बसा.

आधी दर्बे या गावी जाऊ. पौल आणि बर्णबा यांच्या प्रवासाचं हे शेवटचं टोक. इथून पूर्वेला डोंगर ओलांडले की तार्स, पौलाचं जन्मगाव, आणि त्यापुढे अंत्युखिया, जिथून त्यांना पाठवलं होतं. घरची वाट समोर होती. तरी ते मागे फिरले आणि लुस्त्राला गेले. याच लुस्त्रात पौलाला दगडमार झाली होती, मेला असं समजून लोकांनी त्याला फरफटत गावाबाहेर टाकलं होतं. त्याच गावात तो पुन्हा गेला, कारण तिथे नवे विश्वासणारे होते. त्यांना धीर द्यायचा होता, मंडळीत वडील नेमायचे होते.

इथे थांबा. तुम्ही निघालात तेव्हा काम कोणाच्या हाती सोपवलंत? कोणाचा निरोप घ्यायचा राहून गेला? त्यांची नावं मनात घ्या. एकेक नाव, चेहरा डोळ्यांसमोर येईपर्यंत. ज्या ठिकाणी तुम्हाला लागलं, दुखलं, तेही नाव टाळू नका.

आता अत्तलियाच्या बंदरातून जहाजाने त्यांच्याबरोबर अंत्युखियाला या. ओरोंतेस नदीकाठचं हे शहर आज तुर्कस्तानात अंताक्या म्हणून ओळखलं जातं. इथल्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून या दोघांना पाठवलं होतं. ते आले, सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगू लागले. सांगण्यात मोठेपणा देवाचा होता. त्याने काय काय केलं आणि परराष्ट्रीयांसाठी विश्वासाचं दार कसं उघडलं, हे त्यांनी सांगितलं.

तुम्हालाही लोक विचारत असतील, ‘काय मग, कसं होतं तिकडे?’ विचारणाऱ्याला घाई असते. मग आपण तिथली थंडी सांगतो, जेवण सांगतो, किती कार्यक्रम घेतले ते सांगतो. आज ते बाजूला ठेवा. तिथे तुमच्या आधीपासून देव काय करत होता? तुम्हाला भाषा कोणी शिकवली? ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं? द्यायला गेलात तेव्हा काय मिळालं, हेही साक्षीत येऊ द्या.

मग लूक लिहितो की ते शिष्यांबरोबर बराच काळ राहिले. त्या दिवसांचा तपशील तो देत नाही. काम करायची सवय लागलेल्याला हा काळ जड जातो. इतरांबरोबर बाकावर बसायचं, दुसऱ्याचा उपदेश ऐकायचा. असा थांबण्याचा काळ अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांच्याही वाट्याला आला. त्या 1827 मध्ये मुंबईत आल्या. प्रकृतीमुळे 1837 मध्ये त्यांना अमेरिकेला परतावं लागलं. 1839 मध्ये त्या पुन्हा आल्या, या वेळी अहमदनगरला. त्यांच्या तिथल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. थांबण्याच्या काळात पुढचं दिसत नाही. म्हणून काही तो काळ वाया जात नाही.

आता 15वा अध्याय, 36वं वचन. नव्या प्रवासाचा विचार पौलाच्या मनात कसा आला, ते पाहा. जिथे जिथे वचन सांगितलं, तिथले बंधू कसे आहेत, हे जाऊन पाहू या, असं तो बर्णबाला म्हणाला. जुन्या माणसांच्या काळजीतून नवी वाट निघाली. ती सोपी नव्हती. मार्कला सोबत न्यायचं की नाही, यावरून दोघांत तीव्र मतभेद झाला आणि सोबत सुटली. पण पौल सिलाला घेऊन पुन्हा लुस्त्राला पोचला आणि तिथेच त्याला तीमथ्य भेटला. पुढे आसियाची वाट बंद झाली, बिथुनियाचीही. त्रोवसला रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा एक माणूस साहाय्याला या म्हणून विनवत उभा दिसला, तेव्हा समुद्रापलीकडची दिशा कळली.

तुम्हाला कुठे जायची ओढ आहे? त्या ओढीत कोणाची काळजी आहे, हे प्रामाणिकपणे पाहा. माणसं दिसत असतील तर तयारीला लागा. नुसता देश दिसत असेल तर आणखी थोडं थांबा, प्रार्थना करा.

प्रभू, ज्यांना मी मागे सोडून आलो, ते तुझेच आहेत. त्यांची आठवण माझ्यात जागी ठेव. जिथे पाठवशील तिथे शिकायला आणि सेवा करायला मला पाठव, आणि पाठवीपर्यंत इथल्या माणसांवर मनापासून प्रेम करायला शिकव. आमेन.