फुग्यात कोण होतं?

देवळाच्या स्मरणिकेत कार्टूनवर लेख, हे वाचून काही ज्येष्ठ मंडळींच्या भुवया उंचावतील याची कल्पना आहे. संपादक मंडळाचा निरोप होता, "नीती, अध्यात्म, काहीही चालेल, फक्त वेळेवर द्या." म्हणून हे धाडस करतो आहे. आणि खरं सांगायचं तर, इथे वाढणाऱ्या आपल्या नातवंडांच्या मनात बऱ्यावाईटाची पहिली बीजं कुठे पडतात हे पाहायला गेलं, तर रामायणाचा वाटा असतोच, पण टीव्हीवरच्या रंगीबेरंगी प्राण्यांचा वाटाही काही कमी नसतो. आपण बाजूच्या सोफ्यावर पेपर चाळत असतो आणि समोर नीतिशास्त्राचा तास चालू असतो.

माझी नात नऊ वर्षांची आहे. तिच्यामुळे मला 'माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक' या मालिकेची ओळख झाली. बोलणारी रंगीत शिंगरं, काहींना पंख, काहींच्या कपाळावर शिंग. २०१० साली सुरू झालेली ही मालिका २०१९ मध्ये संपली, पण मुलांच्या लेखी कुठलीच मालिका कधी संपत नाही. हवा तो भाग हवा तेव्हा लावता येतो, आणि तोच तो भाग सतरा वेळा लावता येतो. त्यातला 'वंडरबोल्ट्स अकॅडमी' हा भाग आमच्या घरी असाच अनेकदा लागला. तो तिसऱ्या पर्वातला, डिसेंबर २०१२ मध्ये पहिल्यांदा दाखवलेला. वरवर पाहिलं तर त्याचा विषय अगदी सरळ आहे: एकट्याने मिरवण्यापेक्षा सगळ्यांना बरोबर घेऊन काम करावं. शाळेच्या भिंतीवरच्या पोस्टरवर शोभेल असा. पण नातीच्या एका प्रश्नाने तो माझ्यासाठी तितका सरळ राहिला नाही.

ज्यांच्या घरी ही मालिका लागत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. रेनबो डॅश ही निळी, पंखवाली पोनी. उडण्यात पटाईत, आणि आपण पटाईत आहोत हे सगळ्यांना कळावं अशी तिची मनापासून इच्छा. (असं एक मूल प्रत्येक घरात असतं. आमच्या लहानपणी त्याला 'पुढे पुढे करणारं' म्हणत, हल्ली 'कॉन्फिडंट' म्हणतात.) वंडरबोल्ट्स हे त्या जगातलं हवाई कसरतींचं नामांकित पथक. त्यांच्या अकॅडमीत रेनबो डॅशला प्रवेश मिळतो. तिथे तिला लाइटनिंग डस्ट भेटते. ती तेवढीच वेगवान आणि कितीतरी जास्त बेधडक. कॅप्टन स्पिटफायर दोघींची जोडी लावते. लाइटनिंग डस्ट म्होरकी, आणि रेनबो डॅश तिची 'विंगपोनी', म्हणजे दुय्यम जोडीदार. रेनबो डॅशला हे चांगलंच लागतं. ती जाऊन कारण विचारते, तेव्हा कॅप्टन सांगते की लाइटनिंग डस्ट स्वतःला तुझ्यापेक्षा जरा जास्त ताणते.

कॅप्टनचं हे उत्तर मला सगळ्या भागात महत्त्वाचं वाटतं. कारण यापुढे जे जे होतं ते त्या उत्तरातूनच होतं. झेंडे शोधण्याच्या स्पर्धेत लाइटनिंग डस्ट अशा अरुंद कपारीतून घुसते की मागून येणाऱ्या रेनबो डॅशचा पंख दुखावतो. पण झेंडे मिळतात, शाबासकीही मिळते. मग अडथळ्यांच्या मार्गावर ती इतरांना अशी कट मारून जाते की त्या बिचाऱ्या एकमेकींवर आदळतात. रेनबो डॅशला हे खटकतं, पण नंबर पहिला असतो. शेवटी आकाशातले ढग साफ करण्याचं काम येतं, तेव्हा लाइटनिंग डस्ट सुचवते की एकेक ढग कशाला फोडत बसायचं, आपण दोघी मिळून चक्रीवादळच उठवू. रेनबो डॅश जरा घुटमळते आणि तयार होते. वादळ हाताबाहेर जातं. नेमक्या त्याच वेळी तिच्या मैत्रिणी तिच्यासाठी खाऊचं पार्सल घेऊन हवेच्या फुग्यातून भेटायला येत असतात. फुगा वादळात सापडतो. रेनबो डॅश त्यांना जीव तोडून वाचवते. लाइटनिंग डस्ट मात्र खूश, कारण ढग तर विक्रमी वेळात साफ झालेले!

रेनबो डॅश कॅप्टनकडे जाते आणि सांगते की, इथे अशा वागण्याला मान मिळत असेल तर मला इथे राहायचं नाही. बिल्ला काढून ठेवते आणि निघते. कॅप्टनला विचार करावा लागतो. मग लाइटनिंग डस्टचा बिल्ला काढून घेतला जातो आणि रेनबो डॅशला म्होरकी केलं जातं. टाळ्या, संगीत, समाप्त.

इथे माझी नात म्हणाली, "आबा, पण वादळ तर दोघींनी केलं ना? मग एकीचा बिल्ला काढला आणि दुसरीला लीडर केलं, असं कसं?"

मी आजोबांनी द्यावं तसं उत्तर दिलं. म्हटलं, अगं, तिला आपली चूक कळली, आणि वर्षानुवर्षं जे स्वप्न पाहिलं होतं ते सोडायला ती तयार झाली. हातातलं सोडायची तयारी असणं ही साधी गोष्ट नाही. तिने ते ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "हो, पण फुगा आलाच नसता तर?"

मंडळी, या प्रश्नावर विद्यापीठांतले तत्त्वज्ञ जाडजूड ग्रंथ लिहितात. दोघांनी एकसारखंच बेफिकीर कृत्य केलं, एकाच्या वाटेत कुणी आलं आणि दुसऱ्याच्या वाटेत कुणी आलं नाही, तर दोष कमीजास्त होतो का? पण नातीचा रोख त्याहून जवळचा होता. फुगा आला नसता तर रेनबो डॅश बिल्ला काढून ठेवायला गेलीच नसती. ती लाइटनिंग डस्टबरोबर पहिल्या नंबराचा फोटो काढून घेत राहिली असती. आणि याचा पुरावा त्याच भागात आहे. अडथळ्यांच्या मार्गावर ज्या एकमेकींवर आदळल्या त्या पोनींना पडद्यावर साधं नावही नाही. त्यांच्यासाठी रेनबो डॅशने नापसंती दाखवली, राजीनामा दिला नाही. राजीनामा आला तो फुग्यात आपली माणसं होती म्हणून.

मला वाटतं, सांघिक वृत्तीची खरी परीक्षा ही इथे आहे. आपण मुलांना शिकवतो की गर्व नको, विनम्र राहा, दुसऱ्याला संधी दे. पण मिरवणं आणि नम्रता ही जोडी मला पुरेशी वाटत नाही. गुण असलेल्या मुलाने ते दाखवलेच पाहिजेत, नाहीतर गवयाने गायचंच नाही असं म्हणावं लागेल. कितीतरी नम्र माणसं मी पाहिली आहेत जी संघाच्या काडीच्या उपयोगाची नसतात. रेनबो डॅश स्वतः शेवटपर्यंत काही नम्र वगैरे होत नाही. प्रश्न एवढाच असतो, की मी जो वारा उठवतो आहे त्यात मागे कोण सापडतंय, हे मला दिसतं का? आणि आपलं माणूस नसेल तरी दिसतं का?

आणि दुसरा प्रश्न कॅप्टनला. लाइटनिंग डस्ट बिघडलेली होती हे खरं, पण तिला बक्षीस कोण देत होतं? बिल्ला कुणी दिला? जिथे फक्त झेंडे मोजले जातात तिथे दुखावलेला पंख कोण मोजणार? याबाबतीत आपलं महाभारत कितीतरी पुढे आहे. उद्योगपर्वात युद्धाच्या तोंडावर दुर्योधन भीष्मांना विचारतो की आपल्यात रथी किती, अतिरथी किती. सेनापती सगळ्यांसमोर यादी सांगू लागतात आणि कर्णापाशी येऊन म्हणतात, हा अर्धरथी. त्यांच्याकडे कारणं होती. कवचकुंडलं गेलेली होती, शाप लागलेले होते. पण परिणाम काय झाला? भीष्म उभे आहेत तोवर मी लढणार नाही, असं कर्णाने सांगितलं आणि कौरवांचा सगळ्यात मोठा धनुर्धर पहिले दहा दिवस शिबिरात बसून राहिला. कर्णाच्या अहंकारावर आपण खूप बोलतो. भर सभेत श्रेणी लावणाऱ्या सेनापतीवर फारसं बोलत नाही.

"संघ आधी" हे म्हणणं दुसऱ्याच्या मुलाबाबत फार सोपं असतं. २९ मार्च २००४ आठवतो ना? मुलतानची कसोटी. सेहवागच्या ३०९ धावा झालेल्या, सचिन १९४ वर नाबाद, आणि द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. आपण ती कसोटी एका डावाने जिंकलो. पण मराठी घरांत त्या विजयापेक्षा त्या सहा धावांचीच चर्चा जास्त झाली, आणि सचिननेही २०१४ च्या आत्मचरित्रात आपली नाराजी लपवली नाही. द्रविडही मराठी घरातलाच, तरी त्याला कोणी माफ करेना. आमच्याकडे तर दोन मित्र आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. कोण बरोबर यात मी आजही पडणार नाही. एवढंच म्हणतो की त्या दिवशी फुग्यात आपला माणूस होता.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. हल्ली इथल्या गावोगावी ढोल-ताशा पथकं निघाली आहेत, आपल्या उत्सवातही असतं. देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये सराव चालतो तेव्हा मी खुर्ची टाकून बसतो. ताशा इशारा देतो, ढोल उचलतात, आणि चाळीस जण एका ठेक्यावर आले की छातीत जे काही होतं ते सांगता येत नाही. एका वर्षी एक हौशी तरुण ढोल कमरेला बांधून अशा काही उड्या घेऊ लागला की सगळे फोन त्याच्याकडे वळले. वाजवतही छान होता. पण फोन वळल्यावर त्याचा हात धावू लागला. त्याच्या शेजारी पहिल्यांदाच ढोल घेतलेली एक मुलगी होती. तिचा ठोका चुकला, मग तिच्या पलीकडच्याचा, आणि मग पूर्ण रांगच विस्कटली. व्हिडिओमध्ये त्याच्या उड्या दिसतात. त्या मुलीचा रडवेला चेहरा दिसत नाही, कारण कोणाचाच कॅमेरा तिच्यावर नव्हता. पुढच्या सरावाला ती आली नाही. मला त्या तरुणाचा राग आला नाही. त्याला तसं उडायला लावणारे फोन आपलेच होते.

आपल्या परदेशातल्या आईवडिलांची अडचणही मी समजू शकतो. आपण इथे आलो तेच मुळात रांगेत पुढे उभं राहून. गर्दीतून उठून दिसलो नसतो तर व्हिसाच मिळाला नसता. आता मुलांच्या कॉलेजच्या अर्जात लीडरशिप दाखवावी लागते, म्हणून बारावीपर्यंत प्रत्येक मूल कशाचं तरी कॅप्टन, कशाचं तरी संस्थापक झालेलं असतं. इतके पुढारी, तर यांच्या मागून चालणारे कोण, असा प्रश्न पडतो. चार वर्षं दुसऱ्या नंबरावर मन लावून वाजवलं, नव्या मुलीला ठेका सापडेपर्यंत तिच्या बाजूला उभा राहिलो, हे लिहायला त्या अर्जात रकाना नाही. स्पिटफायरच्या वहीतही नव्हता.

आणखी एक गोष्ट. लाइटनिंग डस्टचं पुढे काय झालं? बिल्ला काढून घेतला, दारातून बाहेर नेली, आणि गोष्ट तिला विसरली, असं मला वाटलं होतं. पण २०१८ मध्ये, आठव्या पर्वात, ती परत आली. वंडरबोल्ट्समधून बाहेर पडलेल्यांना गोळा करून तिने 'वॉशआउट्स' नावाचं स्वतःचं पथक काढलेलं होतं. जिवावरच्या कसरती आणि टाळ्यांचा कडकडाट. स्कूटालू नावाची एक लहान पोनी, जिला स्वतःला उडता येत नाही, ती तिच्या नादी लागते आणि एका भयंकर कसरतीत अडकते. रेनबो डॅशला पुन्हा एकदा धावून जावं लागतं.

म्हणजे सहा वर्षांत लाइटनिंग डस्ट काहीच शिकली नव्हती. शिकणार तरी कशी? तिला काढून टाकलं होतं, शिकवलं कुणी नव्हतं. जी कॅप्टन तिला आधी शाबासकी देत होती, तिनेच एका दुपारी बिल्ला हिसकावून घेतला. मधल्या मध्ये तिच्याजवळ बसून, तुझ्या मागे उडणाऱ्या त्या दोघी एकमेकींवर आदळल्या तेव्हा तू वळून पाहिलंस का, एवढं विचारणारं तिला कुणी भेटलं नाही.

हा नंतरचा भाग नातीने अजून पाहिलेला नाही. तिला फक्त एवढंच सांगितलं आहे की लाइटनिंग डस्ट परत येते. त्यावर तिने लगेच विचारलं, "मग त्या आदळलेल्या पोनीजना सॉरी म्हणते का?"