आधी डेटा, मग मशीन

तो पेनड्राइव्ह काढ आधी. काढ म्हणतो ना! आणि बाकीच्यांनीही हातातलं काम ठेवून इकडे लक्ष द्या.

बाई लॅपटॉप देताना काय म्हणाल्या होत्या? "विंडोज सुरू होत नाही, आणि आत माझा प्रबंध आहे." तू निम्मंच ऐकलंस आणि फॉरमॅट मारायला बसलास. प्रबंधाची दुसरी कॉपी आहे का, विचारलंस? नाही. डिस्क काढून तपासलीस? तेही नाही. अरे, नवी विंडोज वीसेक जीबी जागा घेते. ती जिथं बसेल, तिथला जुना डेटा जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. कुणाच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर बोळा फिरवायचा अधिकार तुला कोणी दिला?

मशीन गेलं म्हणजे फाइली गेल्या, हे डोक्यातून काढून टाका. पॉवर सप्लाय जळतो, मदरबोर्ड जातो, तरी डिस्क अनेकदा धडधाकट असते. ती सोडवा आणि साटा-यूएसबी केबलनं दुसऱ्या मशीनला जोडा. अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते, साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. मशीन चालू होतंय, फक्त विंडोज उठत नाही? मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्याच डिस्कवर कधीही नाही!

डिस्क टकटक वाजली तर त्या क्षणी बंद करा. "अजून एकदा बघतो" हे मला ऐकायचं नाही. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडलं की फिरत्या तबकडीवरचा थर खरवडून निघतो, आणि खरवडलेला डेटा कायमचा जातो. अशी डिस्क उघडायची नाही, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवायची नाही. आत पाणी धरतं. क्लीनरूम असलेल्या लॅबकडे पाठवा. वाचताना अडखळणाऱ्या डिस्कची आधी डीडीरेस्क्यूनं इमेज घ्या आणि शोधाशोध त्या इमेजवर करा. एसएसडीवर तर आणखी जपून. तिथं डिलीट केलेली फाइल ट्रिममुळे बहुधा परत मिळत नाही. आणि बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. ती गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडू शकते, पण त्यासाठी विचारावं लागतं.

"सर, मला वाटलं..." तुला काय वाटलं, याला इथं किंमत नाही. नवा लॅपटॉप दुकानात मिळतो. प्रबंध मिळत नाही.

आता डिस्क काढ. प्रबंध दुसरीकडे उतरव, फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत तपास, मग बाईंना फोन कर. एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर ठेवायला सांग. त्या "फाइल मिळाली" म्हणेपर्यंत विंडोजचा पेनड्राइव्ह माझ्याकडे राहील.