बावटा कोणासाठी?

कोकणातल्या माणसाने जून-जुलैत वर्तमानपत्र उघडले की एक ओळ त्याला हटकून भेटते : ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे.’ आमच्या घरी ही ओळ मोठ्याने वाचली जाई, आणि ‘म्हणजे आज मासळी नाही’ असा तिचा अर्थ स्वयंपाकघरात लावला जाई. नाव बावटा, पण दिवसा खांबावर चढतात त्या शंकूच्या आणि पिंपाच्या आकृत्या, आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे. अशा एकंदर अकरा खुणा आहेत. पहिल्या दोन दूरच्या समुद्रातल्या वादळाची वार्ता देतात. आठ, नऊ, दहा म्हणजे महासंकट. आणि अकरावी सर्वांत चमत्कारिक : हवामान कचेरीशी संबंध तुटला आहे, आता इथल्या अधिकाऱ्याला जे दिसेल ते खरे! संसारातही असे अकरा नंबरचे दिवस येतात. पण ते असो.

१८६४ साली कलकत्त्यावर भयंकर वादळ आले, हजारो माणसे बुडाली, आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. ती व्यवस्था थोर आहे, यात मला शंका नाही. पण ती कोणाशी बोलते? जहाजाच्या कप्तानाशी. तांडेलाशीही बोलते, कारण त्याला ती लिपी पाठ असते. बंदराच्या कडेला झोपडीत राहणाऱ्या मजुराशी मात्र ती बोलत नाही.

हा प्रश्न मला पडला तो कांडल्याची हकीकत वाचताना. फाळणीत कराची गेली, तेव्हा उत्तर हिंदुस्थानला पश्चिमेकडे एक दार हवे होते. म्हणून कच्छच्या आखाताच्या टोकाशी, खाडीच्या काठी नवे बंदर उभे राहिले. १९५२ साली पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, १९५५ साली त्याला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. आज त्याला दीनदयाळ बंदर म्हणतात. भोवती सगळा सखल, खारट मुलूख. जिकडे पाहावे तिकडे मिठागरे. आपल्या देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातचे असते, तेव्हा यंदाच्या चकलीतही तिकडची चिमूट पडली असेल, असे म्हणायला हरकत नाही.

९ जून १९९८ रोजी या मुलुखावर चक्रीवादळ चालून आले. समुद्र आत घुसला. मोठमोठ्या यारी आडव्या झाल्या, जहाजे जमिनीवर चढून बसली. मेलेल्यांचा सरकारी आकडा हजाराच्या वर आहे. खरा त्याहून पुष्कळ मोठा असावा असे सांगणारे आहेत. मिठागरांवरचे आणि बंदरातले मजूर परप्रांतातून आलेले, त्यांची नीट नोंद कोठेच नव्हती. ज्याची नोंद नाही, त्याला हरवल्याचाही हक्क नसतो!

आता समुद्राची गोष्ट. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी वीस सेंटीमीटरने, म्हणजे जवळजवळ वीतभर चढली. या शतकाच्या अखेरीपर्यंत आणखी किती चढेल ते आपण किती धूर सोडतो त्यावर आहे. शास्त्रज्ञांचे अंदाज अठ्ठावीसपासून एकशे एक सेंटीमीटरांपर्यंत जातात. शिवाय आपला अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळे वाढली आहेत, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दाखविले आहे. तेव्हा बंदरे मजबूत करा, धक्के उंच बांधा, वीजघरे वरच्या मजल्यावर न्या, यारींना जखडून ठेवण्याची सोय करा, अशी मागणी होते, आणि ती रास्तच आहे.

माझे एक इंजिनिअर स्नेही या बाबतीत फार ठाम आहेत. ते म्हणतात, “आधी धक्का वाचवा. धक्का वाचला तर दुसऱ्या दिवशी धान्य उतरेल, तेल उतरेल, औषधे येतील. झोपडीला मदत पोहोचायची तरी धक्क्यावरूनच ना?” यावर काय उत्तर द्यावे? खरेच आहे ते. बंदर बंद पडले की त्याची झळ पार पंजाबातल्या शेतकऱ्याच्या खताला लागते. पण त्यांचे गणित मी बारकाईने ऐकले आहे. ते मालाची किंमत धरते, दिवसाचे भाडे धरते, भिंतीचा खर्च धरते, आणि मग जिथे जास्त पैसा बुडणार तिथे भिंत आधी. झोपडीत बुडण्यासारखे काय असते? दोन भांडी, एक गोधडी. मग या हिशेबात तिची पाळी कधी येणार? बरे, त्याच धक्क्यावर कोळसा उतरतो, खनिज तेलही येते. हवा तापवणारा माल आणि तापलेल्या समुद्राची भीती दोन्ही एकाच दारात. भाडे मिळते ते एकाला, पाणी शिरते ते दुसऱ्याच्या अंथरुणात. याला मी नुसता हिशेबाचा प्रश्न म्हणायला तयार नाही.

भिंतीच्या बाबतीत कच्छमध्येच एक जागा पाहण्यासारखी आहे. लखपत हे सिंधूच्या पाण्यावर जगणारे भरभराटीचे बंदर होते. १८०१ साली त्याला भक्कम तट बांधला, सुमारे सात किलोमीटर लांबीचा. १८१९ मध्ये धरणीकंप झाला, जमीन उचलली गेली, पाण्याने वाट बदलली. व्यापार गेला, त्यामागून माणसे गेली. तट अजून उभा आहे.

जून २०२३ मध्ये बिपरजॉय नावाचे वादळ कच्छवर आले. या वेळी बंदरातली जहाजे आधीच बाहेर काढली, कामे थांबवली, आणि किनाऱ्यालगतच्या एक लाखाहून अधिक माणसांना गाड्यांत बसवून सुरक्षित जागी नेले. मेलेल्यांचा आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका राहिला. दोन्ही वादळांची सरळ तुलना करणे बरोबर नाही. १९९८चे जोराने अधिक होते. तरीही मधल्या पंचवीस वर्षांत समुद्राला थोपवणारी भिंत काही कोणी बांधली नव्हती. वार्ता झोपडीपर्यंत गेली आणि पाठोपाठ गाडी गेली, एवढेच झाले. मला हे ‘एवढेच’ कोणत्याही धक्क्याहून मोठे बांधकाम वाटते. स्नेह्यांना तसे सांगितले तर ते म्हणाले, “गाडी काही धक्क्यासारखी शंभर वर्षे टिकत नाही.” तेही खरे. दर वादळाला ती नव्याने न्यावी लागते. आणि दर वेळी कोणाला तरी आठवण ठेवावी लागते की तिकडे माणसे आहेत.

शिवाय धक्का हातभर उंच करता येतो, मिठागर करता येत नाही. भरतीचे पाणी आत आले पाहिजे म्हणून ते सखलच असावे लागते. वादळ ओसरले की मजूर परत तिथेच जाणार, कारण मीठ तिथेच पिकते. त्यांच्यासाठी जवळपास एखादा उंचवटा हवा, त्यावर पक्के छप्पर, आणि बंदराच्या कचेरीत त्यांच्या नावांची यादी, दर हंगामाला नव्याने लिहिलेली. कारण दर हंगामाला नवी माणसे येतात.